नळी प्रलंबित आहे

सोमवार महादेवाचा. मंगळवार काहींचा गणपतीचा, काहींचा सौंदत्तीच्या यल्लम्माचा. गुरुवारी दत्त, शुक्रवारी अंबाबाई, शनिवारी मारुती. राहिला रविवार, तर आमच्यातल्या डॉक्टरचं कुलदैवत जोतिबा, आणि जोतिबाचा वार नेमका रविवार. शिवाय रविवारी ज्याच्या त्याच्या घरी मटण शिजतच असतं. घरचं मटण टाकून मित्रांबरोबर बाहेरचं खायला जातो, हे बायकोला तोंडावर सांगेल असा वीरपुरुष आमच्यात नाही. बुधवार विठोबाचा म्हणतात, खरं आमच्यात माळकरी कोणी नाही. (हे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बेळगाव-कोल्हापूरकडे ‘पण’ फक्त पेपरात छापून येतो. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.) तेव्हा महिन्याचा पहिला बुधवार मटणाचा, असं ठरलं. गेली वीस-बावीस वर्षं ते चाललंय.

आम्ही सगळे देवचंद कॉलेजच्या हॉस्टेलवरचे. कॉलेज अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. आणि ज्या निपाणीचं कॉलेज म्हणून सगळे त्याला ओळखतात ती निपाणी बेळगाव जिल्ह्यात. तासाला महाराष्ट्रात बसायचं आणि तास बुडवायला कर्नाटकात जायचं, असं आमचं शिक्षण झालं. दोन राज्यांनी मिळून घडवलेल्या मालात एक बेळगावचा वकील, एक निपाणीचा तंबाखूवाला, एक कागलचा डॉक्टर, एक बँकेचा मॅनेजर आणि बेळगावच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला मी, असे पाच खाणारे निघाले. मॅनेजर घरी कानडी बोलतो, हिशेब कानडीत करतो आणि भांडतो मात्र मराठीत, कारण हॉस्टेलवर भांडायला तो आमच्याकडूनच शिकला.

सहावा जैन. तो मटण खात नाही, पीत नाही आणि त्याची गाडी सात सीटची आहे. या तीन गुणांवर तो गेली वीस वर्षं बिनविरोध निवडून येतो. त्याच्यासाठी अख्खा मसूर येतो. चातुर्मासात तोही नाही; घरून दिवस मावळायच्या आत जेवून येतो आणि आमच्यासमोर रिकाम्या ताटाला बसून सगळ्यांच्या वाटीकडे अत्यंत निःपक्षपातीपणे बघतो. बिल मात्र सहांत सारखं वाटलं जातं. मटणाच्या बिलाचा सहावा हिस्सा वीस वर्षं भरणारा हा माणूस अहिंसेचा भक्त की हिंसेचा भागीदार, यावर तंबाखूवाला दर वर्षी पर्युषणात त्याला छळतो. त्याला आम्ही ‘आयोग’ म्हणतो. का, ते पुढे येईल.

जागा संकेश्वर. बेळगावकरांना निपाणी लांब, निपाणीकरांना बेळगाव लांब, म्हणून मधलं गाव. त्यातही अन्याय आहेच. बेळगावहून येताना हत्तरगीचा टोल लागतो, कागलहून येताना कोगनोळीचा. निपाणीवाला तवंदी घाट ओलांडून फुकट येतो आणि वर ‘घाटात ट्रक किती होते’ म्हणून सहानुभूती मागतो. टोल बिलात धरावा, असा ठराव वकिलाने मांडून किती वर्षं झाली, कुणालाच आठवत नाही. तंबाखूवाला तो ऐकताना दर वेळी कांदा मागवतो. डॉक्टरचं गणित आणखी वेगळं. कर्नाटकात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून तो काटा अगदी तळाला टेकवून नाका ओलांडतो आणि अलीकडे टाकी भरतो. बायकोला तो ‘पेट्रोल भरून येतो’ एवढंच सांगून निघतो. घरी येतो ते रात्री साडेअकराला. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा दाखला सक्तीचा केला, तेव्हा या माणसाने स्वतःच्याच नाकात काडी घालून घेतली होती. दाखला आला तेव्हा बुधवार उलटून गेला होता. निगेटिव्ह असूनही इतका दुःखी झालेला पेशंट आपण पाहिला नाही, असं तो स्वतःबद्दल सांगतो.

खानावळ हमरस्त्यापासून जरा आत आहे. नाव सांगत नाही. आधीच बुधवारी जागा मिळत नाही. पाटीवर वर कानडी मोठं, खाली मराठी बारीक. आता कायद्याने पाटीचा साठ टक्के भाग कानडीत हवा, म्हणून मालकाने नवी पाटी करून घेतली आणि मराठीचं अक्षर आणखी आकसलं. वकील दर वेळी पाटीखाली उभा राहून टक्केवारी मोजतो. खरं मला त्या पाटीत वेगळंच दिसतं. कानडीत ‘खानावळी’, मराठीत ‘खानावळ’. अख्ख्या सीमाप्रश्नात मला सापडलेला एवढाच भाग सुटण्यासारखा आहे: एक वेलांटी.

आत चूल मालकाच्या आईची. तिला सगळे अव्वा म्हणतात, आम्हीही. अव्वा सत्तरीच्या पुढची, कमरेला चंची. हंडी किलोवर मिळते. आमची ठरलेली दीड किलोची. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून नुसत्या पाण्यात शिजतं. हे आळणी पाणी. पुढचे दोन्ही रस्से याच पाण्यातून निघतात. अर्ध्यात खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, काजू आणि खडा मसाला पडला की पांढरा. उरलेल्यात भाजलेलं खोबरं, कांदा-लसणाची चटणी आणि संकेश्वरी मिरची पडली की तांबडा. एकाच पातेल्यातून निघालेले दोन सख्खे भाऊ, आणि टेबलावर आले की जन्मोजन्मीचे वैरी. तांबडा अस्सल की पांढरा, यावर वकील आणि मॅनेजर यांच्यात जे होतं त्याला मी चर्चा म्हणणार नाही.

तांबड्यात आधी तर्री बघायची. वाटीत बोट बुडवण्याआधी अव्वा स्वतः वाटी दिव्याकडे कलती करते. तेल कडेला जाड थांबलं तर ठीक, पळालं तर वाटी परत आत. मग जोंधळ्याची भाकरी. ती टोपलीत ठेवत नाहीत, तव्यावरून थेट हातावर येते, आणि चटका बसला तरी ‘हाय’ म्हणायचं नाही अशी इथली रीत आहे. भाकरीचा पापुद्रा उचलला की आतून वाफ निघते. त्या वाफेतच डॉक्टरच्या चष्म्यावर धुकं बसतं आणि पुढची पाच मिनिटं तो अंदाजाने जेवतो. त्या पाच मिनिटांत त्याच्या ताटातला एक तरी तुकडा देशोधडीला लागतो. संशयित तंबाखूवाला, पुरावा नाही.

वाढणारा पोरगा घटप्रभेकडचा. त्याला मराठी कळतं, खरं कानडीत मागितलं तर वाढताना त्याचा हात सैल सुटतो, हे आमच्या वकिलाने फार पूर्वी ओळखलंय. दर एक नोव्हेंबरला काळे कपडे घालून निषेध फेरीत पुढे चालणारा हा माणूस रश्श्याची वाटी पुढे करून अगदी मऊ आवाजात म्हणतो, “इन्न स्वल्प.” स्वल्प म्हणजे थोडं. वाटी काठोकाठ भरून येते. मॅनेजरने त्याला एकदा विचारलं, “काय ओ वकील, ‘बेकु’ येतं, ‘साकु’ कधी शिकणार?” (बेकु म्हणजे हवं, साकु म्हणजे पुरे.) वकील म्हणाला, “साकु म्हणायची पाळी अजून आली नाही.” दोघांनी टाळी दिली. पांढरा सांडला.

एक नोव्हेंबर निघालाच आहे तर २०२३ चं सांगून टाकतो. ते साल आमच्याकडे दुष्काळाचं म्हणून नोंदलं आहे. जुलैच्या पाच तारखेला जेवलो तेच शेवटचं. अठरा जुलैला श्रावण लागला, आणि तोही अधिक. म्हणजे श्रावण दोन. वकिलाने युक्तिवाद केला की अधिक महिना ही तात्पुरती नेमणूक असते, त्याला कायम महिन्याचे अधिकार नाहीत, सबब ऑगस्टचा बुधवार पाळावा. तंबाखूवाल्याच्या घरी धोंड्याचा जावई यायचा होता. त्याने हे अपील बायकोपुढे मांडलं आणि तिथेच ते फेटाळलं गेलं. सप्टेंबरात खरा श्रावण. मग गणपती. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बेळगावात उंदरी असते. गणपतीला मोदक, आणि त्याच्या उंदराला मटणाचा नैवेद्य. गणपतीत मटणाच्या दुकानापुढे रांग लागलेली दुसरीकडे कुठे दिसेल मला ठाऊक नाही; आमच्याकडे लागते. खरं ते मटण घरचं, उंदराच्या नावावरचं. आमच्या हिशेबात धरता येत नाही. चार ऑक्टोबर पितृपंधरवड्यात गेला. मग नवरात्र. आणि मग पुढचा पहिला बुधवार आला तो नेमका एक नोव्हेंबर.

त्या दिवशी बेळगावात अर्धं शहर राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्यात असतं आणि दुसरं अर्धं काळा दिन पाळतं. मॅनेजर एका मिरवणुकीत, वकील दुसऱ्या फेरीत. वाद तापला की दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेपर्यंत येऊन उभ्या राहतात, म्हणून आम्ही आपले सावध. दुपारी दोघांचेही फोन आले. दोघांचाही घसा घोषणांनी बसलेला, त्यामुळे कोण बोलतोय ते कळायला वेळ लागला. दोघांचं म्हणणं एकच: आमच्यामुळे बेत मोडू नका, सात वाजता निघतोय. चार महिन्यांचे उपाशी! मी मालकाला हंडी सांगायला फोन उचलला, तेवढ्यात भिंतीवरच्या कालनिर्णयावर नजर गेली. एक नोव्हेंबर, बुधवार. खाली बारीक अक्षरात: संकष्टी.

जे १९५६ पासून दोन राज्यांना जमलं नाही ते गणपतीने एका चतुर्थीत केलं. दोन्ही पक्ष आपापल्या घरी बसले आणि चंद्रोदयाची वाट बघू लागले.

आता नळी. दीड किलोच्या हंडीत हाडं पुष्कळ असतात, खरं गर भरलेली, मांडीची, दोन्ही तोंडं नीट कापलेली नळी असते एकच. ती ताटाच्या कडेवर ठोकायची, एका टोकाला ओठ लावून ओढायची, आणि आतला गर आला की डोळे मिटायचे. चोरून खाता येत नाही. ठोकल्याचा आवाज होतोच.

पहिली सात-आठ वर्षं नळी ज्याच्या वाटीत पडेल त्याची, असा जंगलचा कायदा होता. मग वकिलाने दावा मांडला. महाराष्ट्राची सीमाप्रश्नातली चार सूत्रं त्याला तोंडपाठ आहेत: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. त्याने ती जशीच्या तशी हंडीला लावली. हाड हा घटक. हंडी त्याच्या ताटाला लागून, म्हणून भौगोलिक सलगता. टेबलावर मराठी बोलणारे पाच, म्हणून बहुसंख्या. लोकेच्छा काय ती नळीलाच विचारा. मॅनेजर म्हणाला, आधीचा अहवाल अंतिम. गेल्या महिन्यात नळी माझ्याकडे होती, जैसे थे. डॉक्टरने पेशंटच्या हितासाठी म्हणून कोलेस्टेरॉलचा मुद्दा काढला आणि नळी स्वतःकडे ‘तपासणीसाठी’ मागितली. तंबाखूवाला काहीच बोलला नाही. तो बोलत नसतो तेव्हा त्याचा हात हलत असतो.

शेवटी निवाडा जैन मित्राकडे सोपवला. जो नळी खातच नाही त्याच्याइतका तटस्थ कोण? त्याने आठवडाभर विचार केला आणि निर्णय दिला: विषम महिने बेळगावला, सम महिने निपाणी-कागलला. बेळगावकरांत मॅनेजरही मोडत होता, म्हणून वकिलाने तो नाकारला. सम महिन्यांत भाद्रपद येतो की नाही ते न सांगितल्यामुळे तंबाखूवाल्याने नाकारला. तेव्हापासून त्याचं नाव आयोग.

नावाला इतिहास आहे. सीमाप्रश्नावर १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. २६४ गावं महाराष्ट्राला द्या, २४७ तेव्हाच्या म्हैसूरला द्या, असं त्यात होतं. निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राच्या वाट्याला, बेळगाव मात्र आहे तिथेच. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक तो अंतिम मानतं, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे आमच्या टेबलाचेही आयोगाने दोन तुकडे केलेत. मटण उशिरा शिजलं की तंबाखूवाला वकिलाला डिवचतो, “अहवाल मानला असता तर मी केव्हाच सुटलो असतो. तुमच्या बेळगावापायी अडकून पडलोय.” वकील खवळतो. तंबाखूवाल्याचं आणखी एक जुनं दुखणं म्हणजे सीमालढ्याच्या घोषणेत आधी बेळगाव, मग कारवार आणि मग कुठे निपाणी. “तिसरा नंबर! आणि दर वेळी तिथपर्यंत येईस्तोवर तुमचा दम संपलेला असतो.”

गेल्या डिसेंबरात आमच्याच हॉस्टेलचा एक जण टेक्सासहून आला. तीस वर्षांपूर्वी गेलेला. तिकडेही त्याचा असाच एक कंपू आहे, महिन्यातून एकदा स्टेकहाउसला जाणारा. स्टेक म्हणजे कसलं मटण हे आम्ही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं. तिकडे ज्याचा त्याचा तुकडा वेगळा, ज्याच्या त्याच्या ताटात. वेटर प्रत्येकाला विचारतो, किती शिजवू? रेअर, मीडियम रेअर, मीडियम, वेल डन. बिलं वेगवेगळी. एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

“मग जेवताना करता काय?” तंबाखूवाल्याने विचारलं.

“गप्पा मारतो.”

“कशावरून?”

याचं उत्तर त्याला पटकन देता आलं नाही.

मग त्याने अमारिलोच्या त्या प्रसिद्ध हॉटेलाचं सांगितलं, बिग टेक्सन. ७२ औंसांचा स्टेक, म्हणजे दोन किलोंच्या किंचित वर. सोबत बटाटा, कोळंबी, सॅलड, पाव. सगळं एका तासात संपवलं तर फुकट. १९६० पासून हा प्रकार चालू आहे. टेबलावर शांतता पसरली. तंबाखूवाला बराच वेळ हिशेब करत होता. शेवटी म्हणाला, “विमानाचं तिकीट किती पडतं रे?”

शिजण्याच्या पायऱ्यांचं मात्र कौतुक झालं नाही. पाहुण्याने हौसेने अव्वाला सांगितलं, माझं जरा मीडियम ठेवा. मॅनेजरने भाषांतर केलं. अव्वाने चंची बंद केली. तिच्याकडे मटणाच्या दोनच अवस्था आहेत, शिजलेलं आणि अजून न शिजलेलं, आणि दुसऱ्या अवस्थेतलं मटण माणसाला वाढायची पाळी तिच्या सासूवरही आली नव्हती. कच्चं खायचं तर चुलीपर्यंत कशाला आलास, असं ती कानडीत म्हणाली. मॅनेजरने “हो म्हणते” एवढंच भाषांतर केलं.

मग हंडी आली, आणि नेहमीप्रमाणे नळीची सुनावणी सुरू झाली. पाहुणा दहा मिनिटं ऐकत राहिला. सलगता झाली, जैसे थे झालं, डॉक्टरने कोलेस्टेरॉल काढलं. “अरे, जेवालास की खटला चालवालास?” असं मी विचारेपर्यंत भाकऱ्या गार झाल्या होत्या. पाहुणा उठला, मालकाकडे गेला, खिशात हात घातला आणि परत येऊन बसला. वीस मिनिटांनी वाढणाऱ्या पोराने सहा वाट्या आणल्या. प्रत्येकाच्या पुढे एक. प्रत्येक वाटीत एक नळी. आयोगाचा मसूर वेगळा आला.

“झाला ना प्रॉब्लेम सॉल्व्ह?” पाहुणा म्हणाला.

आम्ही जेवलो. ठोकल्याचे आवाज आले, आधी एकावेळी चार, मग दोन, मग बंद. वकिलाने रस्सा मागितला तो मराठीत मागितला. डॉक्टरच्या चष्म्यावरचं धुकं गेलं तेव्हा ताटातले तुकडे जिथल्या तिथे होते. तो दोनदा मोजून थोडा खिन्न झाला. पांढरा-तांबडा विषय निघालाच नाही. टोलचा ठराव मांडायचा राहिला. पंचवीस मिनिटांत हात धुऊन आम्ही बाहेर उभे होतो, पाटीखाली, आणि कुणी टक्केवारीही मोजली नाही. साडेनऊला मी घरी. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काय झालं? भांडलात काय?”

पाहुणा जानेवारीत परत गेला. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी आम्ही पुन्हा जमलो. मी जरा लवकरच पोचलो होतो. मालक गल्ल्यावर होता. त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, “अण्णा, काल फोनवर सांगितलेलं लक्षात आहे ना? हंडीत नळी एकच पाहिजे. दुसरी असली तर आतच ठेवा.”

“आहे की,” मालक म्हणाला. “तेच सांगायला कालपासून सहा फोन आलेत.”

“सहा? खाणारे तर पाच.”

“सहावा आयोगसाहेबांचा.”

हंडी आली. अव्वाने वाटी दिव्याकडे कलती करून पाहिली आणि पुढे सरकवली. वकिलाने बाह्या सावरल्या, हंडी बोटाने दोन इंच आपल्याकडे ओढली, आणि घसा खाकरून म्हणाला, “आता सलगतेचा मुद्दा बघा.”